लाकडाआडचं बटण

घरी जोडलेल्या अॅम्प्लिफायरची दर्शनी बाजू हा हौशी मंडळींचा जुना प्रश्न आहे. आतला बोर्ड नीट चालतो, आवाज स्वच्छ येतो, सागवानी पेटीवर पॉलिशही सुरेख चढतं. मग त्याच पॉलिशमध्ये ड्रिलने भोक पाडून प्लॅस्टिकचं बटण बसवायची वेळ येते. भोक केसभर वाकडं गेलं की सगळी मेहनत डोळ्यांना खुपू लागते. शिवाय बटणाच्या फटीतून धूळ आत शिरते, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत संपर्काचे पत्रे काळे पडून एक दिवस दाबलं तरी लागत नाही.

यावर एक सुंदर उपाय आहे: बटण लाकडाच्या मागे लपवायचं. भोक नाही, खटका नाही, हलणारा भाग नाही. पेटीच्या ठरावीक जागेवर बोट टेकलं की अॅम्प्लिफायर सुरू, पुन्हा टेकलं की बंद. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळणाऱ्या ‘टीटीपी २२३’ या आयसीच्या चिमुकल्या बोर्डाने हे अगदी थोड्या पैशांत जमतं. पण तो बोर्ड चिकटवण्याआधी आत काय घडतं ते समजून घेतलं पाहिजे, कारण पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींची उत्तरं त्यातच आहेत.

कपॅसिटर म्हणजे एकमेकांना न टेकणारे दोन वाहक आणि मध्ये एक विद्युतरोधक. लाकडाच्या आतल्या बाजूला तांब्याची पट्टी चिकटवली, तर तो झाला एक वाहक. क्षार आणि पाण्याने भरलेलं आपलं शरीर हा दुसरा वाहक. मधलं लाकूड हा विद्युतरोधक. बोट पट्टीसमोर येताच तिथे एक कपॅसिटर तयार होतो, आणि बोट उचललं की तो नाहीसा होतो.

त्याची धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, किती लहान असते, याचा हिशेब शाळेतल्या सूत्रानेही करता येतो. टेकलेल्या बोटाचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर धरू आणि मध्ये तीन मिलिमीटर जाडीचा अॅक्रिलिकचा पत्रा घेऊ. अॅक्रिलिकचा परावैद्युत स्थिरांक, म्हणजे मध्ये हवेऐवजी तो पदार्थ आल्याने धारिता किती पट होते तो आकडा, सुमारे ३. उत्तर येतं ०.९ पिकोफॅरडच्या आसपास. पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. कोरड्या हलक्या लाकडाचा स्थिरांक २ धरला, तर धारिता ०.६ पिकोफॅरडवर येते. अॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यातल्या हजारो मायक्रोफॅरडच्या जाड डब्यांशेजारी ही राशी जवळपास शून्यच म्हणायची, आणि तरीही तिच्यावर सगळा खेळ उभा आहे.

पण परिपथ पुरा कसा होतो? बोटातून शिरलेला प्रभार जातो कुठे? माणसाचं शरीर आणि जमीन यांच्यातही एक कपॅसिटर असतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचण्यांमध्ये तो १०० पिकोफॅरड धरण्याची प्रथा आहे. म्हणजे बोटाजवळचा लहानसा कपॅसिटर आणि शरीराचा मोठा कपॅसिटर एकापुढे एक जोडले गेले. अशा जोडणीत लहान असतो त्याचीच सत्ता चालते. म्हणून पायात रबरी चप्पल आहे की माणूस अनवाणी फरशीवर उभा आहे, याने फारसा फरक पडत नाही. बोट आणि पट्टी यांच्यातलं अंतर मात्र निर्णायक ठरतं.

इतकी बारीक राशी मोजायची एक पद्धत वेळेची आहे. पट्टी मोठ्या रोधातून प्रभारित करायची आणि तिचा दाब ठरावीक पातळीला यायला किती वेळ लागतो ते पाहायचं. पट्टीची मूळ धारिता १० पिकोफॅरड आणि रोध १० लाख ओहम असेल, तर दोहोंचा गुणाकार १० मायक्रोसेकंद. बोटाने एका पिकोफॅरडची भर घातली की ते ११ होतात. हौशी मंडळींच्या आवडत्या आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या घड्याळाचे एका मायक्रोसेकंदात १६ ठोके पडतात, म्हणजे हा फरक त्याला पकडता येतो. एकाच मोजणीवर विश्वास न ठेवता अनेक मोजण्यांची सरासरी घेतली की आसपासच्या विद्युत गोंगाटातूनही बोट वेगळं काढता येतं.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते पुढे आहे. स्पर्शाचा आयसी ‘धारिता किती आहे’ हे विचारतच नाही. ‘आत्ता एकाएकी किती बदलली’ एवढंच विचारतो. पंख्याच्या घरघरीची कानाला सवय व्हावी, तसा तो सभोवतालच्या धारितेला सरावतो आणि तिलाच शून्य मानतो. कोणी हात लावत नसताना हा शून्य तो काही सेकंदांच्या अंतराने पुन्हा तपासून घेतो.

आपल्याकडच्या पावसाळ्यात याचं महत्त्व कळतं. पाण्याचा परावैद्युत स्थिरांक ८० च्या घरात, कोरड्या लाकडाचा त्यापुढे अगदीच लहान. जून-जुलैत लाकूड ओल पितं आणि पट्टीची मूळ धारिता चढते. हा चढ बोटापेक्षाही मोठा असू शकतो, पण तो तासातासाने, दिवसादिवसाने होतो. आयसी त्याच्यासोबत शून्य सरकवत राहतो. बोट मात्र क्षणात येतं, म्हणून ते ओळखू येतं. पेटीच्या वरच्या फळीवर पट्टी लावली आणि कोणी तिथे थंड पाण्याचा ओला पेला ठेवला, तर तो बदलही क्षणात होतो आणि गाणं मध्येच बंद पडतं. पट्टीची जागा पेटीच्या बाजूला किंवा पुढच्या फळीच्या खालच्या काठामागे निवडावी, ती यासाठी.

ध्वनीच्या क्षेत्राला शरीराच्या धारितेची ओळख टचस्क्रीनच्या कितीतरी आधीची आहे. १९२० मध्ये रशियात लेव्ह तेरमेन हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ वायूंचा परावैद्युत स्थिरांक मोजण्याच्या उपकरणावर काम करत होता. हात जवळ-दूर नेला की उपकरणाचा सूर चढतो-उतरतो, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यातून थेरेमिन हे हात न लावता वाजवायचं वाद्य जन्मलं. दोन उच्च वारंवारितेची आंदोलनं एकमेकांत मिसळायची, त्यातल्या एकाची वारंवारिता हाताच्या धारितेने हलवायची आणि दोहोंतला फरक कानाला ऐकवायचा, अशी त्याची रचना. पुढे सिंथेसायझरसाठी नावाजलेल्या रॉबर्ट मूग यांनी शाळकरी वयातच घरी थेरेमिन बनवलं, आणि १९५० च्या दशकात ते हौशी लोकांना थेरेमिनचे संच विकत होते. पहिल्या टचस्क्रीनचं वर्णन ब्रिटनमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी प्रसिद्ध केलं ते १९६५ मध्ये. घरी बनवलेल्या ध्वनियंत्राला स्पर्शाचं बटण लावणं ही त्यामुळे मोबाइलची नक्कल ठरत नाही. हे घराणं मोबाइलहून जुनं आहे.

आता जोडणीकडे. पट्टी तांब्याच्या चिकट टेपची किंवा पीसीबीच्या तुकड्याची, साधारण दोन सेंटिमीटर लांब-रुंद चालते. ती लाकडाला घट्ट चिकटली पाहिजे. हवेचा स्थिरांक १, म्हणजे मध्ये राहिलेली एक मिलिमीटर हवा तीन मिलिमीटर अॅक्रिलिकएवढी नडते. आयसी पट्टीच्या अगदी जवळ असावा. पट्टीपासून आयसीपर्यंत लांब शिल्डेड वायर ओढली, तर दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या आसपास भर पडते आणि त्या ढिगात बोट हरवून जातं. लांब वायर टाकायचीच असेल तर ती आयसीच्या पुढे, आउटपुटच्या बाजूला टाकावी. पॉलिश, व्हिनिअर, सनमायका यांची हरकत नसते. धातूच्या पत्र्यामागे मात्र ही युक्ती चालत नाही, कारण पत्रा बोटाला पट्टीपासून तोडतो. पेटी धातूची असेल तर तिच्यावरचा एखादा शोभेचा स्क्रू प्लॅस्टिकच्या वॉशरने अलग करावा आणि त्यालाच पट्टी बनवावं.

आयसीच्या बोर्डावर ‘बी’ नावाची छोटी फट सोल्डरने जोडली की एका स्पर्शाला चालू, दुसऱ्याला बंद अशी रीत लागते. याचा एक फायदा आपल्या गावांना विशेष होतो. वीज गेली आणि मध्यरात्री परत आली, तर हा आयसी बंद अवस्थेतच जागा होतो. ‘चालू’वर राहिलेल्या खटक्याप्रमाणे सगळं घर दचकवत नाही.

स्पर्शाच्या बटणाने २३० व्होल्ट तोडायची गरज बहुतेक वेळा नसते, हे फार कमी जण लक्षात घेतात. टीडीए ७२९७ सारख्या अॅम्प्लिफायर आयसीला ‘स्टँडबाय’ आणि ‘म्यूट’ असे वेगळे पाय असतात. अनेक तयार बोर्डांवर ते कायमचे चालू स्थितीत बांधलेले असतात. ते सोडवून घ्यावे लागतात. सुरू करताना आधी स्टँडबाय सोडायचा आणि थोड्या विलंबाने म्यूट. बंद करताना आधी म्यूट. एवढा क्रम पाळला की स्पीकरमधून येणारा ‘धप्प’ आवाज जातो. वीजपुरवठाच तोडायचा असेल तर रिले घ्यावी, पण ५ व्होल्टच्या नेहमीच्या रिलेला सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात आणि टीटीपी २२३ देतो जेमतेम चार. मध्ये ट्रान्झिस्टर हवा, आणि रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवा. आयसीची वायर अॅम्प्लिफायरच्या इनपुटपासून दूर ठेवावी, नाहीतर स्पर्श मोजणारे स्पंद गाण्यात मिसळू शकतात.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र सवलत नाही. स्पर्शाच्या परिपथाचा ५ व्होल्टचा पुरवठा ट्रान्सफॉर्मरने मेन्सपासून अलग केलेलाच हवा. मोबाइलच्या चांगल्या चार्जरमध्येही तो असतो. नुसत्या कपॅसिटरने दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मरविना पुरवठा इथे कदापि वापरू नये. त्यात परिपथाचा प्रत्येक बिंदू मेन्सशी जोडलेला असतो, आणि आपण तर लोकांना त्यावर बोट ठेवायला सांगणार आहोत. उघड्या स्क्रूची पट्टी केली असेल तर हा धोका थेट जिवावरचा.

खुद्द आयसी काही मायक्रोअँपिअरवर जागा राहतो. पण त्याला पोसणारा चार्जर आणि झोपलेला अॅम्प्लिफायर मिळून एक वॉट खात असतील, तर वर्षाचे पावणेनऊ युनिट होतात. मोठा ट्रान्सफॉर्मर असलेल्या अॅम्प्लिफायरला म्हणूनच रिलेचा मार्ग बरा.

राहता राहिलं, लपवलेलं बटण सापडावं कसं? घरात मोतीबिंदू झालेले आजोबा असतात, पहिल्यांदाच आलेले पाहुणे असतात. कागदासारख्या पातळ व्हिनिअरमागे एलईडी लावला तर लाकडातून मंद उजेड झिरपतो; तो अवस्थाही सांगतो आणि जागाही. त्याहून मला आवडणारा मार्ग सुताराच्या हातचा आहे. पट्टीसमोर लाकडाला बाहेरून बोटाच्या पेराएवढा उथळ खळगा द्यायचा आणि पॉलिश त्यावरूनच चढवायचं. डोळ्यांना तो जेमतेम दिसतो, पण फळीवरून हात फिरवला की बोट आपसूक त्यात उतरतं. शिवाय तिथली जाडी चार मिलिमीटरवरून दोनवर आली, तर बोटाची धारिता जवळपास दुप्पट होते.