काजळीची जबानी

आमच्या घरी १९७६ सालची एक फियाट आहे. कागदोपत्री तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली, पण आमच्या गल्लीत तिला फियाट याखेरीज दुसऱ्या नावाने कोणी ओळखले नाही. वडिलांनी ती दारात आणून उभी केली त्या दिवसापासून तिच्या पेट्रोलचा हिशेब लाल कापडी बांधणीच्या एका लांबट वहीत लिहिण्याचा परिपाठ आहे. तारीख, मीटरवरचा आकडा आणि टाकीत भरलेले लिटर असे तीनच रकाने, आणि वडील गेल्यानंतर ती वही माझ्या हस्ताक्षरात पुढे चालू राहिली. ज्या वहीत वर्षानुवर्षे लिटरमागे साडेबारा किलोमीटरांचा मेळ बसत आला, तिच्यातच गेल्या पावसाळ्यानंतर प्रथम साडेदहा, मग साडेनऊ, नऊ आणि दिवाळीच्या सुमारास आठ असा उतरता क्रम दिसू लागला, तेव्हा गाडी म्हातारी झाली असे म्हणून स्वस्थ बसणे मला शक्य झाले नाही. वयोमानाने इंजिनाची शक्ती क्षीण होते हे खरे, परंतु एवढ्या थोड्या काळात त्याची भूक दीडपट व्हावी हे वार्धक्याच्या हिशेबात बसत नव्हते.

इतरही लक्षणे होती. गाडी बंद करून उभी केली की अंगणात पेट्रोलचा वास दरवळत राही, तापलेले इंजिन पुन्हा सुरू होण्यास कां-कूं करी, आणि पन्हाळ्याच्या रस्त्यावर वाघबिळाचा चढ लागला म्हणजे मागे काळा धूर सुटून गाडी गुदमरल्यासारखी ओढू लागे. पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच, म्हणजे कोल्हापूरपेक्षा हजारएक फूट वर. एवढ्या उंचीने हवा तीनचार टक्क्यांनी विरळ होते, आणि जुन्या कार्बोरेटराला ही विरलता उमगत नसल्यामुळे तो पेट्रोल मात्र जवळजवळ तेवढेच सोडत राहतो. निरोगी इंजिन एवढा फरक सहज पचवते. आधीच ज्याच्या मिश्रणात पेट्रोल जास्त झाले आहे, त्याचे दुखणे चढावर उघडे पडते.

शिवाजी उद्यमनगरातील ज्या वयोवृद्ध मिस्त्रींकडे मी गाडी नेली, त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी माझी कैफियत शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग वही मागितली. चष्मा कपाळावर सरकवून, काळे बोट रकान्यावर टेकवीत, ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत ते तीन पाने मागे गेले, आणि म्हणाले, “सर, ह्यो एक रोग न्हाई. साडेबाराचं साडेधा झालं ते एका टाकीत झालंय, आन् साडेधाचं आठ झालं ते दमादमानं. एकदम पडलं त्याचं कारण येगळं, हळूहळू पडलं त्याचं येगळं.” ती वही मी शेकडो वेळा चाळली होती, पण दोन आकड्यांमधल्या अंतराकडे पाहण्याऐवजी मी नेहमी शेवटच्या आकड्याकडेच पाहत आलो होतो.

त्यानंतर त्यांनी तक्रारीचीच शहानिशा केली, कारण गाडी पेट्रोल पिते या वाक्यात पुष्कळदा इंजिनाचा काही अपराध नसतो. सपाट जागी गिअर काढून दोन्ही हातांनी गाडी ढकलून पाहिली, चारही ड्रमांवर पालथा हात ठेवला, टायरमधली हवा मोजली. डावे मागचे चाक किंचित धरत होते, ते सैल केले. परंतु एवढ्याने साडेचार किलोमीटर जात नाहीत, असा निर्वाळा देऊन त्यांनी प्लगचा पाना हाती घेतला.

चार प्लग निघाले ते एका जुन्या वर्तमानपत्रावर, सिलिंडरांच्या अनुक्रमाने, एका ओळीत मांडले गेले. चारही टोकांवर काजळी होती, मऊ, कोरडी, कंदिलाच्या काचेवर धरते तशी. मिस्त्रींनी एकावरून अंगठा फिरवला, तर अंगठ्याची रेषान् रेषा काळी उमटली आणि खाली पांढरी चिनी माती दिसू लागली. या एका दर्शनात किती जबानी सामावलेली असते हे त्या दिवशी मला कळले. काळा थर तेलकट आणि चिकट असता तर संशय रिंगांवर आणि व्हॉल्व्हांच्या सीलांवर गेला असता. एकच प्लग काळा असता तर त्याच सिलिंडराची ठिणगी, त्याचीच वायर किंवा त्याचे कॉम्प्रेशन तपासावे लागले असते. परंतु काजळी कोरडी आणि चौघांवर सारखी, म्हणजे गुन्हा जेथे चौघांचे अन्न एकत्र शिजते तेथे, कार्बोरेटरात, घडत होता.

हे अन्न म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. आकारमानाने बोलायचे तर एका लिटरमागे नऊ हजार लिटरांच्या आसपास. याहून हवा कमी पडली की पेट्रोलातला काही कार्बन अर्धवट जळून विषारी कार्बन मोनॉक्साइड होतो आणि काही काजळीच्या रूपाने प्लगवर व सायलेन्सरात बसतो. नुकसान पेट्रोलपुरतेच राहिले असते तर मी इतका अस्वस्थ झालो नसतो. न जळलेले पेट्रोल सिलिंडरांच्या भिंतींवरील तेलाचा पातळ थर धुऊन खाली उतरते आणि तेलात मिसळते. मिस्त्रींनी तेलाची पट्टी काढून माझ्या नाकाशी धरली तेव्हा तिला पंपावर यावा तसा वास येत होता, आणि पातळी खुणेच्या वर गेलेली होती. ज्या गाडीत तेल कमी होत नाही म्हणून मी महिनाभर समाधान मानीत होतो, त्या गाडीत तेलाची जागा पेट्रोल घेत होते.

हवेची जाळी स्वच्छ होती. चोकची तार पूर्ण मागे जात होती. बटण आत गेलेले दिसते म्हणून चोक बंद झाला असे न मानता, कार्बोरेटरावरची तरफ आपल्या जागी टेकली की नाही हे त्यांनी बोटाने दाबून पाहिले. मी मधेच मिक्श्चरच्या स्क्रूची आठवण करून दिली, कारण दिवाळीपूर्वी तो स्वतःच फिरवून पाहण्याचा मोह मला झाला होता. त्यांनी मान हलवली. तो स्क्रू गाडी उभी असतानाच्या मंद चालीपुरता असतो. रस्त्यावर धावणाऱ्या इंजिनाला पेट्रोल पुरवणारा मार्ग निराळा. स्क्रू आवळून उभ्या गाडीचा धूर कमी होतो, मालकाचे समाधान होते, आणि मूळ दुखणे तसेच राहते.

मग सोलेक्स कार्बोरेटराचे झाकण निघाले आणि पितळी फ्लोट बाहेर आला. संडासाच्या टाकीत पाण्याची पातळी राखणारा गोळा जे काम करतो तेच या छोट्या पोकळ डबीचे: पेट्रोल ठरलेल्या उंचीला आले की वर उचलून सुई बंद करायची. मिस्त्रींनी तो कानाशी धरून हलवला आणि माझ्या कानाशी नेला. आत अगदी बारीक, वाळलेल्या नारळातल्या पाण्यासारखा आवाज होता. शेजारच्या टपरीवरून तांब्याभर उकळते पाणी आले. फ्लोट त्यात बुडवताच दोन अर्धे भाग जेथे डाखाने सांधले आहेत त्या रेषेवरून बुडबुड्यांची एक सरळ, अखंड माळ वर येऊ लागली. आतले पेट्रोल उष्णतेने वाफ होऊन सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून बाहेर पडत होते. ज्या छिद्रातून वाफ बाहेर आली त्याच छिद्रातून इतके दिवस थेंबथेंब पेट्रोल आत गेले होते. फ्लोट जड होत गेला, सुई उशिरा बंद होऊ लागली, पातळी चढत राहिली. हळूहळू पडणाऱ्या आकड्यांचा खुलासा झाला. डाख देऊन तोच वापरता येईल का, असे मी विचारले, तर आत पेट्रोलची वाफ असलेल्या डबीला विस्तव दाखवू नये, असे सांगून त्यांनी नवा फ्लोट बसवला आणि नवी सुई घातली.

दुसरा कोणी असता तर येथेच गाडी धुऊन परत दिली असती. मिस्त्रींनी मात्र त्या दिवशी आणखी कशालाही हात लावला नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर गुण कशाने आला हे कळत नाही, एवढे बोलून त्यांनी मला एक टाकी संपवून येण्यास सांगितले. पंप तोच, टाकी काठोकाठ भरण्याची रीत तीच. बारा दिवसांनी वहीत आकडा पडला तो दहा आणि चार दशांश. आठावरून पुन्हा बरोबर पहिल्या पायरीवर.

आता त्यांनी मेन जेट काढला. त्या इवल्याशा पितळी नळीवर १२० हा आकडा कोरलेला होता, म्हणजे छिद्राचा व्यास १.२० मिलिमीटर. मिस्त्रींनी पत्र्याच्या डबीतून बारीक ड्रिल काढले आणि १.२५चा गुळगुळीत दांडा त्या छिद्रात सोडला. तो अलगद आत गेला. १.३०चा मात्र अडला. व्यासातला हा फरक केसाच्या जाडीइतका. पण पेट्रोल जाते ते छिद्राच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून १.२०चे १.२५ झाले की साडेआठ टक्के आणि १.३० झाले की सतरा टक्के पेट्रोल अधिक जाण्याची वाट मोकळी होते. पावसाळ्यानंतर एका ठिकाणी गाडीची सर्व्हिसिंग करून घेतली होती, तेथे कारागिराने जेट साफ करताना त्यात तार घालून ती जोराने फिरवली होती आणि ते मी उभा राहून पाहिले होते. वहीतली तारीख जुळली. जेट हवेने फुंकावा, फार तर पेट्रोलात भिजत ठेवावा. पोलादी तार मऊ पितळेला कानस लावते.

नवा जेट आणि नवे तेल घालून आम्ही दोघे वाघबिळाच्या चढाला गेलो. तिसऱ्या गिअरवर गाडी जोर करीत असतानाच मिस्त्रींनी क्लच दाबवून इंजिन बंद करवले, कारण मंद चालीची काजळी वर चढली की खरा पुरावा झाकला जातो, आणि रस्त्याच्या कडेला फडक्यात धरून एक प्लग काढला. टोक खमंग भाजलेल्या कणकेच्या रंगाचे होते. त्यांनी ते उन्हात फिरवून दोन वेळा पाहिले, प्लग परत बसवला, आणि परतीच्या वाटेवर चारदोन शब्दांपलीकडे काही बोलले नाहीत.

गॅरेजात पोहोचल्यावर मी पैसे मोजत होतो, तेव्हा त्यांनी झाकणात पडलेला तो जुना जेट उचलला, ऐरणीवर ठेवला आणि हातोडीच्या दोन ठोक्यांनी त्याचे तोंड चेपून टाकले. “चुकून कुणाच्या गाडीत जायला नको,” असे म्हणून त्यांनी तो भंगाराच्या डब्यात टाकला.