भजनाचे बोलावणे सगळ्यांना

पंढरीच्या वाटेवरची दिंडी आपण भक्तिभावाने पाहतो. पण दिंडी म्हणजे हौशी मंडळींचा वाद्यमेळही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. इथे ना पगार, ना बिदागी. दिवसभर शेत नाहीतर दुकान सांभाळणारा माणूस संध्याकाळी देवळात बसून टाळ शिकतो आणि आषाढात तोच टाळ घेऊन वाटेला लागतो. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी ज्ञानेश्वरांच्या पालखीला शिस्त लावून दिली.

बीड जिल्ह्याशी तर या वारीचे नाते अगदी घरचे. मुक्ताबाईंची पालखी खानदेशातून निघून महिनाभराची वाट चालते, ती बीडवरून. त्यांचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी बीडला मानतात. नात आजोबांना भेटायला आली, अशा मायेने गाव पालखीचे स्वागत करते. शेगावची पालखी परळी, अंबाजोगाईवरून जाते. आणि परळीच्या शेजारचे गंगाखेड म्हणजे जनाबाईचे गाव.

दिंडीत बायका पूर्वीपासून आहेत. पण पुष्कळदा वीणा आणि मृदंग पुरुषांकडे, तर बाईच्या डोक्यावर तुळस नाहीतर पाण्याचा हंडा. वाद्ये बायकांच्या हाती आली ती महिला भजनी मंडळांत. दुपारची झाकपाक झाली की कुणाच्या तरी ओसरीवर बैठक जमते. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ महिलांच्या भजनस्पर्धाही घेते. आठ मात्रांचा भजनी ठेका एकदा कानात बसला की हात आपोआप चालतो. पखवाजाच्या एका तोंडाला भिजवलेली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे आवाज खोल निघतो. आता कणीक मळायला आपल्याला कुणी शिकवायला हवे का! वाजवून झाले की मात्र ती आठवणीने खरवडून काढावी.

पण मैत्रिणींनो, या मंडळांचे खरे मोल याहून मोठे आहे. हळदीकुंकवाचे बोलावणे एका घरी जाते, शेजारच्या घरी जात नाही. कारण तिथली बाई विधवा. डोहाळजेवण, बारसे, मंगळागौर, सगळीकडे तेच. भजनाला मात्र तिला बोलावता येते. तिथे लागतो तो गळा आणि ताल. ज्यांचे अभंग आपण म्हणतो त्यांच्याकडेच पाहा ना! मुक्ताबाईंनी संसार मांडला नाही, जनाबाई नामदेवांच्या घरची दासी. सोयराबाई चोखोबांची पत्नी, तिला देवळाची पायरीही चढता येत नव्हती. बहिणाबाईंनी (१६२८ ते १७००) संसार केला, तो नवऱ्याचा राग सोसून. यांतल्या किती जणी आपल्या हळदीकुंकवाच्या यादीत बसल्या असत्या?

आणि तरीही कुठे कुठे आपणच घोटाळा करतो. भजन संपले, आरती झाली की यजमानीण कोयरी घेऊन उठते. तासभर खणखणीत टाळ वाजवणारी बाई मग हळूच चप्पल पायात सरकवते, ‘घरी दूध तापवायचंय’ म्हणते. दूध कसले तापवायचे! सगळ्यांना कळते, कुणी बोलत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या अवमानाच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. ठराव झाला तरी तो पाळायचा घराघरांतूनच. म्हणून भजनी मंडळांना एवढेच सुचवावेसे वाटते: हळदीकुंकू करायचेच तर वेगळ्या दिवशी करा, भजनाला जोडू नका. जोडायचेच असेल तर कुंकू लावायचे की नाही, हे जिचे तिला ठरवू द्या, पण ओटी आणि प्रसाद सगळ्यांना सारखा. वीणा पाळीपाळीने सगळ्यांच्या गळ्यात पडू द्या. सुरुवातीला पेटी नसली तरी अडत नाही. चार टाळजोड आणि एक ढोलकी पुरते.

आणि नवे मंडळ काढणार असाल, तर पहिले बोलावणे त्या शेजारच्या घरी द्या.