मिनी ट्रॅक्टरचं लिंकेज: गैरसमज आणि वस्तुस्थिती

द्राक्ष, डाळिंब, संत्र्याच्या बागेसाठी मिनी ट्रॅक्टर घेताना चौकशी होते ती एचपीची, डिझेलच्या खर्चाची आणि रुंदीची. मागचं तीन दांड्यांचं लिंकेज कोणी वाकून बघत नाही. बागेतली बहुतेक कामं मात्र त्या तीन दांड्यांच्या भरवशावर चालतात, आणि त्यांच्याविषयीच्या काही समजुती खर्चिक आहेत, एखादी तर जिवावर बेतणारी.

‘थ्री पॉइंट लिंकेज सगळीकडे सारखंच, कुठलंही अवजार बसतं.’ रचना सारखी असते, मापं नसतात; ती कॅटेगरीप्रमाणे बदलतात. खालच्या दांड्यांच्या बॉलमध्ये बसणारी पिन कॅटेगरी शून्यमध्ये साधारण १६ मिलिमीटर जाडीची, एकमध्ये २२ आणि दोनमध्ये २८. दोन पिनांमधलं अंतरही कॅटेगरीगणिक वाढतं. बारीक पिनेवर बुश चढवून ती मोठ्या बॉलमध्ये बसवता येते. जाड पिन लहान बॉलमध्ये जाणारच नाही. अंतराचा प्रश्न तर बुशनेही सुटत नाही. त्यातच अरुंद लिंकेजचा एक प्रकार आहे : पिन एक नंबरची, पण अंतर कमी. म्हणून शेजाऱ्याच्या मोठ्या ट्रॅक्टरचा कल्टिव्हेटर आपल्याला चालेल असं गृहीत धरू नका. टेप लावून दोन्हीकडची मापं घ्या.

‘उचलण्याची क्षमता ७५० किलो, मग ५०० किलोचं अवजार सहज उचलेल.’ सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पत्रकावरचा आकडा बहुधा खालच्या दांड्यांच्या टोकापाशी मोजलेला असतो. अवजाराचं वजन त्या टोकाच्या बरंच मागे असतं, आणि ते जितकं मागे, तितकी क्षमता घटते. शिवाय हायड्रॉलिकने उचललं, तरी पुढची चाकं जमिनीवर टिकतील का, हा प्रश्न उरतोच. समजा, ट्रॅक्टर ८०० किलोचा, त्यातले ३०० किलो पुढच्या चाकांवर, आणि दोन्ही आसांतलं अंतर दीड मीटर. मागच्या आसाच्या एक मीटर मागे ३०० किलोचा फवारणीचा ब्लोअर लटकवला, तर पुढच्या चाकांवरचे २०० किलो कमी होतात. उरलेल्या १०० किलोंवर स्टिअरिंग नीट धरत नाही, चढावर तर मुळीच नाही. ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढे हवा. इथे तो १६० किलो होतो. म्हणजे एकतर पुढे वजनं लावायची, नाहीतर हलका ब्लोअर घ्यायचा. आणि चाचणी टाकी भरूनच घ्या. २०० लिटरच्या टाकीत पाणीच २०० किलो असतं. रिकाम्या ब्लोअरवर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही.

‘ट्रॉली कुठेही अडकवा, ओढल्याशी मतलब.’ याबाबतीत माझं मत ठाम आहे : टॉप लिंकच्या, म्हणजे वरच्या दांडीच्या, जागी ट्रॉली कधीही जोडू नये. ओढीची जागा मागच्या आसाच्या वर गेली, की ती ओढ ट्रॅक्टरलाच मागच्या चाकांभोवती उलटवू लागते, आणि क्लच दाबायचं सुचेपर्यंत पुढची चाकं हवेत गेलेली असतात. खालच्या दांड्यांत आडवा बार टाकून जोडलेली ट्रॉलीही, हायड्रॉलिक वर घेतलं की, हाच धोका उभा करते. ट्रॉलीची जागा खालच्या ड्रॉबारवर.

याच संकटातून तीन दांड्यांची रचना पुढे आली. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, हॅरी फर्ग्युसन आयर्लंडमध्ये ट्रॅक्टरांच्या कामात सुधारणा करण्याच्या जबाबदारीवर होते. तेव्हा नांगर मागे नुसता ओढला जाई. फाळ दगडात अडकला की ट्रॅक्टर उभा राहून चालकावर उलटे. फर्ग्युसननी नांगर ट्रॅक्टरलाच जोडला. फाळ अडकताच वरची दांडी ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि पुढचा भाग खाली दाबून धरते. १९३९ च्या फोर्ड ९एन ट्रॅक्टरवर ही रचना मोठ्या प्रमाणावर बाजारात आली. अर्थात, हे संरक्षण अवजार तिन्ही ठिकाणी जोडलेलं असेल तरच मिळतं.

उरल्या खालच्या दांड्यांच्या बाजूच्या चेन. त्या कायम कडक ठेवाव्यात असं सांगितलं जातं. रोटाव्हेटर आणि ब्लोअरसाठी ते बरोबर आहे, कारण ते डोलले तर पीटीओच्या शाफ्टला आणि झाडांना इजा होते. नांगराला मात्र थोडी ढील द्या, म्हणजे तो तास धरून चालतो. नांगरट संपवून अवजार उचललं, की रस्त्याला लागण्याआधी चेन पुन्हा आवळा.