धुऱ्यावरची सहदेवी

मानोरा तालुक्यातील इंझोरीच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी आटोपली, की धुऱ्यांवर जांभळे ठिपके नजरेत भरू लागतात. वीतभर ते गुडघाभर उंचीची, बारीक फुलांची ही झाडे. कुणालाही विचारा, ‘तण आहे’ एवढेच उत्तर मिळते. पण त्या जांभळ्यात दोन निरनिराळ्या वनस्पती असू शकतात. एक इथलीच सहदेवी. दुसरी उष्ण अमेरिकेतून आलेली ओसाडी, जिला घाणेरा ओसाडी असेही म्हणतात.

दोन्ही झेंडू-शेवंतीच्या कुळातल्या. या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो चिमुकल्या फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफुलाला कडेने पाकळ्यांसारखी फुले असतात. या दोघींची सगळी फुले नळीसारखी. म्हणून दुरून फसगत होते. मीही पहिली दोन वर्षे वहीत दोघींची नोंद एकाच नावाने केली होती.

लिनियसने १७५३ सालच्या एकाच ग्रंथात दोघींची नावे ठेवली. सहदेवी ‘कोनिझा सिनेरिया’, म्हणजे राखेच्या रंगाची कोनिझा. आणि ओसाडी ‘अजेरॅटम कोनिझॉइडिस’, म्हणजे कोनिझासारखी दिसणारी. सहदेवी पुढे ‘व्हर्नोनिया’ झाली, आता ‘सायँथिलियम’ आहे. तिची राख मात्र नावातून कुणी पुसली नाही. तिच्या खोडावरची करडी लव पाहिली की कारण कळते.

ओळख फुलावरून नव्हे, पानावरून करावी. सहदेवीची पाने एकाआड एक, ओसाडीची समोरासमोर जोडीने. हे खोडाच्या खालच्या भागात पाहावे, कारण शेंड्याकडे ओसाडी कधीकधी शिस्त मोडते. मग पान चुरगळावे: ओसाडीला उग्र वास येतो. सहदेवीचे गुच्छ सुटे, प्रत्येकात साधारण २० फुले, रंग गुलाबीकडे झुकणारा जांभळा. ओसाडीचे दाटीचे, फिकट निळसर किंवा पांढरे. तरीही शंका राहिली तर भिंगातून बी पाहावे. सहदेवीच्या बीला पांढऱ्या केसांचा झुबका असतो, ओसाडीच्या बीवर पाच टोकदार खवले. (कमरेइतके झाड आणि बरेच मोठे जांभळे गेंद दिसले, तर ती काळीजिरी असू शकेल.)

एवढी चिकित्सा कशाला? केरळात सहदेवी दशपुष्पांपैकी एक मानली जाते, आणि आयुर्वेदात ती तापावर सांगितली आहे. ती कुणी किती घ्यावी, हा वैद्यांचा विषय. पण ओसाडीत यकृताला इजा करणारी पायरोलिझिडीन अल्कलॉइडे असतात, आणि धुऱ्यावरून मूठभर झाडे उपटली तर एकाच मुठीत दोन्ही येऊ शकतात. काढ्यात उकळल्यावर पाने जोडीने होती की एकाआड एक, हे कुणाला सांगता येणार? जुडी बांधण्याआधीच एकेक काडी पाहून घ्यावी लागते.