पुश अडतं, पण क्लोन?

कोळगावच्या खोलीतल्या जुन्या पीसीवर अपाचे टाकून मी प्रबंधाचं गिट ठेवलंय. तुम्हीही तसं करणार असाल तर एक गोष्ट तपासा. अपाचे गिटचं काम 'गिट एचटीटीपी-बॅकएंड' या प्रोग्रामकडे सोपवतो. लॉगिनशिवाय पुश केलं की तो ४०३ देतो. आपल्याला वाटतं, कुलूप लागलं. पण 'एक्स्पोर्ट ऑल' चालू असेल, तर क्लोन कुणीही करू शकतं! त्यात तारापूरच्या कामगारांच्या मुलाखती असतील तर त्यांची नावं गेली बाहेर. नंतर फाइल काढली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. म्हणून पासवर्ड फाइल जोडून 'रिक्वायर व्हॅलिड-यूजर' वाचनालाही लावा, एचटीटीपीएस वापरा. मग लॉगिन न करता स्वतःच क्लोन करून बघा. नाही झालं, तरच निश्चिंत झोपा.