दोन खैरलांजी आणि एक ताळा

खैरलांजी म्हटलं की महाराष्ट्रातल्या माणसाला भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातलं गाव आठवतं. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, ते हे गाव. पण शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातही एक खैरलांजी आहे, तहसिलीचं ठिकाण. १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच राज्यात होते आणि राजधानी होती नागपूर. पुढे मध्ये सीमा आली, नावं तशीच राहिली. बालाघाटमधल्या गावाला बोलताना आपण 'वारासिवनीकडचं खैरलांजी' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला कळतं. कॉम्प्युटरला हे 'वारासिवनीकडचं' कुणीतरी आधी सांगून ठेवावं लागतं.

अनेक खात्यांच्या याद्या एकत्र जोडताना मध्ये एक शोधफाईल ठेवतात. तिच्यात प्रत्येक नोंदीला एक किल्ली असते. किल्ली दिली की नोंद हाती येते, अख्खी यादी चाळावी लागत नाही. ही युक्ती जुनी आहे. आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये ती कंपनीअंतर्गत टिपणात मांडली होती. किल्लीवर ठरावीक गणित करायचं आणि येईल त्या क्रमांकाच्या खणात नोंद टाकायची. दोन वेगळ्या किल्ल्या एकाच खणात आल्या तरी बिघडत नाही, दोन्ही नोंदी तिथे एकामागे एक लावून ठेवता येतात. घात होतो तो किल्लीच एक असल्यावर.

समजा, गावाचं नाव हीच किल्ली धरली आणि पाच ओळी भरायला घेतल्या: खैरलांजी (बालाघाट), लांजी, वारासिवनी, कटंगी, खैरलांजी (भंडारा). पहिल्या चार नीट बसतात. पाचवी येते तेव्हा फाईल बघते, 'खैरलांजी' आहेच, म्हणून जुनी नोंद पुसून त्या जागी नवी लिहिते. काही प्रणाली अशी दुसरी नोंद नाकारतात आणि तसं लॉगमध्ये लिहून ठेवतात. पण अशा अनेक शोधफायलींची रीत शेवटी आलेली नोंद ठेवण्याचीच असते. चूक झाल्याचा संदेश नाही, काम थांबत नाही. यापुढे बालाघाटच्या खैरलांजीतल्या शेतकऱ्याचा अर्ज आला, की त्याला भंडाऱ्याचा पत्ता चिकटतो.

हे पकडायचा पहिला उपाय शाळकरी वाटेल इतका साधा आहे: मोजा. पाच ओळी आत गेल्या, फाईलमध्ये चार निघाल्या, म्हणजे एक कुठेतरी गेली. आत आलेल्या ओळी म्हणजे साठलेल्या, नाकारलेल्या आणि पुसल्या गेलेल्या यांची बेरीज. भरण्याआधी वेगवेगळ्या किल्ल्या किती हे मोजलं, तर पुसणं घडण्याआधीच कळतं. फरक एकाचा असला तरी तो सोडून पुढे जाऊ नये. त्या एका ओळीत अख्खं गाव असतं.

पण आकडा जुळला म्हणून निर्धास्त होता येत नाही. आपल्याकडे गुणाकार तपासायला नवाचा ताळा लावायचे. उत्तरात ५४ च्या जागी ४५ लिहिलं गेलं तरी तो ताळा जुळतोच. मोजणीचंही तसंच. भरण्याआधी फाईल रिकामी केली नसेल तर मागच्या वेळची एक शिळी नोंद आत राहते. तिकडे एक खैरलांजी पुसलं जातं, इकडे शिळी नोंद भर घालते आणि पाचाचे पाच होतात. मला सगळ्यात जास्त भीती या जुळलेल्या आकड्याची वाटते, कारण तो पाहिल्यावर पुढे कुणी शोधत नाही.

यासाठी पंचकार्डांच्या काळापासून आणखी एक ताळा वापरतात: खाते क्रमांकांची बेरीज. त्या बेरजेला स्वतःचा काही अर्थ नसतो, पण एक क्रमांक गळला आणि दुसरा घुसला तर ती बहुधा बदलते. अर्थात त्यासाठी किल्ली नावाची नको, कोडची हवी. पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला वेगळा कोड आहे. तिथे मध्य प्रदेशाचा कोड २३ आणि महाराष्ट्राचा २७. नुसता राज्याचा कोड नावाला जोडला तरी आपली दोन खैरलांजी वेगळी होतात. मात्र एकाच जिल्ह्यात एकाच नावाची गावं असतात, म्हणून गावाचाच कोड घ्यावा. 'नावात लांजी आहे ते सगळं दे' असा सैल शोध तर मुळीच नको. लांजी ही बालाघाटमधलीच वेगळी तहसील आहे आणि खैरलांजीच्या पोटातही 'लांजी' आहेच.

नाव लिहिण्याच्या पद्धतीनंही किल्ली बदलते. 'खैरलांजी' आणि 'खैरलान्जी' आपल्या कानाला एकच, कॉम्प्युटरला दोन. शेवटी एक मोकळी जागा राहिली तर तीन. अशा वेळी फाईलमधल्या नोंदी कमी न होता वाढतात आणि जोडणीच्या वेळी 'सापडलं नाही' असं उत्तर येतं. म्हणून जोडणी झाल्यावर पुन्हा मोजायचं: किती ओळी आत गेल्या, किती बाहेर आल्या, कितींना जोडीदार मिळाला नाही. न जुळलेल्या ओळी वेगळ्या फाईलमध्ये काढून डोळ्यांनी वाचायच्या. वाचणारा त्या भागातला असला, तर वारासिवनीकडचं कोणतं आणि मोहाडीकडचं कोणतं, हे तो एका नजरेत सांगतो.