पहिलं फसलं म्हणून दुसरं नव्हे

नागपुरात मानेवाडा-बेसा रस्त्यालगतच्या आमच्या कॉलनीत शेजारच्या काकूंनी परवा सीटी स्कॅनचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं. काकांच्या यकृतात कॅन्सरची चार सेंटिमीटरची गाठ. आधी नळीतून औषध सोडू, मग काही दिवसांनी सुईनं गाठ जाळू, असं डॉक्टर म्हणालेले. काकूंनी विचारलं, "पहिल्यानं जमत नाही म्हणून दुसरं करून राहिले का हो भाऊ?"

हा समज मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यापायी माणसं दुसऱ्या टप्प्याला जातच नाहीत. हे दोन उपचार बरेचदा पहिल्या दिवसापासून जोडीनंच ठरलेले असतात.

यकृताला सुमारे 75 टक्के रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेनमधून मिळतं. ही गाठ मात्र बहुतेक रक्त धमनीतून ओढते. म्हणून जांघेतून किंवा मनगटातून बारीक नळी थेट त्या धमनीच्या फांदीपर्यंत नेतात, केमोचं औषध सोडतात आणि वाट बुजवतात. याला 'टेस' म्हणतात. दुसऱ्या उपचारात सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत गाठीत सुई घालतात आणि रेडिओलहरींनी किंवा मायक्रोवेव्हनं ती तापवतात. 60 अंशांपुढे पेशी मरतात. पण शेजारून वाहणारं रक्त उष्णता पळवून नेतं. नळाच्या धारेखाली तवा तापत नाही, तसंच. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला एकटी सुई बहुधा पुरते. त्याहून मोठी असली की कडा जिवंत राहण्याचा धोका वाढतो. रक्ताची वाट आधी बंद केली, तर तीच सुई जास्त घेर जाळते.

चीनमधल्या ग्वांगझूच्या डॉक्टरांनी 189 रुग्णांवर केलेली चाचणी 2013 साली प्रसिद्ध झाली. गाठी सात सेंटिमीटरपेक्षा लहान होत्या. चार वर्षांनी जोड-उपचाराच्या गटात 61.8 टक्के रुग्ण हयात होते, फक्त सुईच्या गटात 45 टक्के.

"टाका नाही म्हणजे किरकोळ काम," हेही खरं नाही. टेसनंतर ताप, पोटदुखी, मळमळ काही दिवस राहू शकते. यकृतात तग धरायची ताकदही लागते. वाढलेली कावीळ, पोटात पाणी किंवा मुख्य पोर्टल व्हेनमध्ये अडथळा असेल, तर डॉक्टर सहसा हा मार्ग टाळतात.

सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असं घरोघरी ऐकू येतं. तसं घडतं, पण क्वचित. सुई बाहेर काढताना तिची वाटही बरेचदा जाळत आणतात.

आणि हा आजार फक्त दारूचा नाही. काकांनी दारूला कधी हात लावला नाही, तरी लोक कुजबुजतात, याचं मला फार वाईट वाटतं. हेपॅटायटिस बी, सी, मधुमेहासोबतचं फॅटी लिव्हर, हीही कारणं आहेत. बाळाला जन्मल्यापासून 24 तासांत बी ची लस द्यावी. सिरॉसिस असलेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी.

बेसाहून तुकडोजी चौकातलं कॅन्सर हॉस्पिटल, मिहानमधलं एम्स, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था, सगळं हाकेच्या अंतरावर आहे. दुसरं मत जरूर घ्या. सर्जन, कॅन्सरतज्ज्ञ आणि नळी-सुईचे हे उपचार करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवलं का, एवढं विचारा.

काकूंच्या पाकिटावर तिसरी तारीखही लिहिलेली होती, महिन्यानंतरच्या सीटीची. तेव्हा जाळलेली जागा आधीच्या गाठीपेक्षा मोठी दिसली तरी घाबरू नका, असं मी त्यांना सांगितलं. शिरेतून डाय दिल्यावर ती जागा उजळली नाही, तर आतली गाठ मेलेली असते.